पलटणीची वरात

चहा घ्या, घ्या. पण घोट तोंडात असताना पुढचं ऐकू नका, आधीच सांगून ठेवतो. मागे एका पाहुण्याच्या नाकातून आला होता. फजिती माझी स्वतःचीच आहे, त्यामुळे कमी-जास्त करायला जागा नाही. दुसऱ्याची असती तर थोडी लाज राखून सांगितली असती.

तर मंडळी, मी एका फौजी माणसाची अख्खी पलटण आठ दिवसांत गारद केली आहे. एक गोळी न झाडता. नुसत्या ब्रशनं!

साठ-एकसष्ट साल असेल. मी चोवीस-पंचवीसचा. घर भातकुलीला, धंदा पेंटरचा, अन् दुकान अमरावतीला जवाहर गेटाच्या आत. दुकान म्हणजे काय, वर एक टिनाचा पत्रा अन् खाली मी. छप्पन सालानंतर आमच्या वस्तीत घरोघरी भिंतीवर बुद्धाचं चित्र काढून घ्यायची हौस आली होती, त्यात माझा हात बसला. लोक म्हणत, मनोहरच्या हातचे डोळे पाहून मन शांत होते. आता खरं सांगू का? मला उघडे डोळे साधतच नव्हते. मिटलेले बरे जमत. पण हे बाहेर सांगत फिरू नका.

एक दिवस दुकानासमोर टांगा थांबला. आतून आधी एक काठी उतरली, मग एक पांढरी झुबकेदार मिशी, अन् मग बाकीचा माणूस. सहा फूट उंच, उजवा पाय जरा ओढत चालणारा. अकोल्याचे सुभेदारसाहेब. मोठ्या लढाईत इटलीपर्यंत जाऊन आलेले, आता पेन्शनीत. काखेत लाकडी पेटी.

पेटी उघडली. आत कापसाच्या गादीवर बोटाएवढी शिशाची माणसं निजलेली! साठेक असतील. काही घोड्यावर, काही पायी, काही गुडघ्यावर बसलेली. शिवाय दोन छोट्या तोफा. प्रत्येकजण आपापल्या गोल चकतीवर घट्ट उभा. रंग मात्र जागोजागी उडालेला.

"बारीक काम करतं का रे तू?" साहेबांनी विचारलं. आवाज असा, की समोरच्या दुकानातला माणूसही "हो" म्हणाला.

"करतो ना साहेब. तांदळावर नाव लिवून देतो."

खोटं! तांदळावर मी आयुष्यात एकदाच लिहायला घेतलं होतं, अन् 'मनोहर'मधला 'म' पुरा व्हायच्या आत तांदूळ संपला होता.

"मंग आयक. पुढच्या रविवारी आमच्या घरी लागते."

आता तुम्हीच सांगा, रविवारी, मोठ्या माणसाच्या घरी, काय लागते? लग्न! दुसरं काय लागणार?

"बदनेऱ्याहून गार्डसाहेब येतेत. रेल्वेतले. त्याईची मानसं थ्या बाजूनं, आपली मानसं ह्या बाजूनं. समोरासमोर."

"किती मानसं साहेब?"

"तीस-तीस. घोडेवाले त्यातच, तोफा येगळ्या. दरसाल लागते आमच्याइथं."

दरसाल! मी मनात म्हटलं, बाप्पा, किती पोरी असतील या माणसाला!

"मागच्या खेपेले गार्डसाहेबानं लय नावं ठेवली," साहेब मिशी पिळत म्हणाले. "म्हने, तुमच्याकडचं सारं कळकट. या खेपेले त्यानं तोंड उघडलं नाई पायजे."

व्याहीच तो! नावं ठेवल्याशिवाय व्याह्याला जेवण जातं का? माझं काळीज साहेबांसाठी अगदी कळवळलं. अन् पेटीतली माणसं कशासाठी, हेही लख्ख कळलं. रुखवत! लग्नात मांडतात ना, पापडाचं मंदिर, बोरांची बाग, तशीच ही वरात मांडायची असणार.

"तं तू असं कर," साहेब म्हणाले, "बाकी काई करू नको. फक्त बेस रंगव. समजलं?"

"समजलं साहेब. बेस रंगवतो."

"फक्त बेस."

"एकदम बेस!"

तुम्ही पुण्या-मुंबईकडचे असाल तर सांगतो. आमच्या वऱ्हाडात 'बेस' म्हणजे छान, झकास. भाजी बेस झाली, पोरगी बेस आहे, तब्येत बेस. आता फौजेत राहून आलेल्या माणसाच्या तोंडी तोच शब्द इंग्रजी होऊन निघतो, हे त्या टिनाखाली बसलेल्याला कोण सांगणार? साहेब 'चकती' म्हणाले असते ना, तर आज ही गोष्टच नसती!

"रविवारी सकाळीच घेऊन येजो," साहेब टांग्यात चढता चढता म्हणाले. "जेवाले घरीच."

म्हणजे आमंत्रणही झालं.

पेटी घेऊन मी भातकुलीला घरी आलो. आईला सांगितलं, अकोल्याच्या सुभेदाराच्या पोरीचं लगीन आहे, मला बोलावलं आहे. आईनं तिथल्या तिथे ट्रंक उघडली अन् जपून ठेवलेला हिरवा खण काढला.

"फौजी मानसाच्या घरी रिकाम्या हातानं जातं का रे? नवरीले देजो."

अन् मी कामाला लागलो. काय काम केलं म्हणता! आधी टरपेंटाइननं जुना रंग पार धुऊन काढला. शिसं कसं चकचकीत झालं. मग एकेकाला हातात घेऊन विचार करायचा, हा लग्नात काय करत असेल?

घोड्यावरचा रुबाबदार होता, तो नवरदेव. सोपं. त्याला गुलाबी फेटा, सोनेरी बाराबंदी, अन् एका केसाच्या ब्रशनं मुंडावळ्या. ज्यांच्या हातात बंदुका तोंडाकडे तिरप्या होत्या, त्यांच्या बंदुका पिवळ्या केल्या. झाले सनईवाले. तलवार उगारलेला एक होता, त्याच्या तलवारीला लाल रंग देऊन रुमाल केला. नाचतोय!

गुडघ्यावर बसून नेम धरणाऱ्यांनी मात्र मला दोन दिवस छळलं. लग्नात गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून, माणूस काय करतो? शेवटी सुचलं. बंदुकीला चांदीचा रंग दिला. गुलाबदाणी! वऱ्हाड्यांवर गुलाबपाणी उडवणारे.

दोघं पार पालथे पडलेले होते. त्यांच्याबद्दल काही विचारच करावा लागला नाही. असे दोघं प्रत्येक वरातीत असतात. त्यांचे नुसते डोळे लाल केले.

एकाचा हात कोपरापासून तुटला होता. त्याच्या गळ्यात लांबीचा, म्हणजे आम्ही पेंटर भेगा बुजवतो त्या लगद्याचा, एक गोळा चिकटवून ढोल केला, म्हणजे तुटका हात झाकला जाईल. तोफांना झेंडूच्या माळा काढल्या. अन् साठच्या साठ तोंडांना एकसारखी, कोरीव, काळीभोर मिशी. माझ्या मिशा पाहून आई म्हणाली, "व माय, सारे एका मायचे दिसतेत!"

चकत्यांना मी हात लावला नाही. त्यांच्यावर कुठे लाल, कुठे निळा असा जुना रंग राहिला होता, तो तसाच ठेवला. वरात पाहताना लोकांच्या पायाखाली कोण पाहतं?

रविवारी पांढरा शर्ट, धुतलेला पायजमा, काखेत पेटी अन् हातात खण, असा मी अकोल्याला उतरलो. घर सापडलं. पण दारात मांडव नाही! तोरण नाही, सनई नाही, पोरांचा गोंधळ नाही. मनात म्हटलं, फौजी माणूस, साधेपणानं करत असतील.

आत गेलो. बैठकीत भलंमोठं टेबल. त्यावर वाळू पसरलेली, वाळूच्या टेकड्या, निळ्या कागदाची नदी, दोन पूल. रुखवताला एवढी सजावट! टेबलाच्या पलीकडे एक गोल, टकले गृहस्थ हातात फूटपट्टी घेऊन बसले होते. हेच ते गार्डसाहेब. व्याही फूटपट्टी घेऊन आला आहे, म्हणजे मानपान मोजूनच घेणार, असं मला वाटलं.

तेवढ्यात सुभेदारसाहेबांच्या घरच्या काकू पाणी घेऊन आल्या. मी खण पुढे केला.

"काकू, हे नवरीले. माह्या आईनं देल्लं."

"कोनत्या नवरीले?"

"तुमच्या घरच्या."

काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बाबू, ह्या घरात नवरी म्हनशील तं मीच एक. अन् मले बी येऊन चाळीस वर्स झाले."

मी हसलो. मला वाटलं, काकू विनोदी आहेत.

"आन रे, पेटी आन!" सुभेदारसाहेब गरजले. खाकी हाफपँट, पायात बूट, छातीवर पदकं. पोरीच्या लग्नात बापानं हाफपँट घालावी, हे मला जरा खटकलं. पण फौजेत पद्धत असेल!

साहेबांनी पेटी उघडली. न पाहताच पहिला हात घातला, एकाला उचललं अन् ऐटीत टेकडीवर ठेवलं.

नवरदेव.

साहेबांनी वाकून त्याच्या मुंडावळ्यांकडे पाहिलं.

"हे कोन होय?" साहेबांनी विचारलं.

"नवरदेव, साहेब."

"हा मेजर होता."

गार्डसाहेबांनी हात घालून दुसरा काढला. "अन् हे?"

"सनईवाला."

"अन् हे पालथे पडले थे?"

"थे... थे जरा जास्त घेतलेले."

गार्डसाहेबांच्या पोटातून आधी बारीक शिट्टी निघाली, जशी गाडी सुटायच्या आधी निघते. मग हळूहळू सगळे डबे हलू लागले. शेवटी तो माणूस टेबलाला धरून असा हसला, की वाळूची एक टेकडी खचली.

सुभेदारसाहेब हसले नाहीत.

"म्या तुले काय सांगतलं होतं?"

"बेस रंगवाले सांगतलं होतं साहेब."

"मंग बेस काहून नाई रंगवला?"

"बेसच तं रंगवला, साहेब! पाहा ना, फेट्याची जर पाहा!"

साहेबांनी नवरदेवाला घोड्यासकट उलटं केलं. त्याच्या खालच्या चकतीवर बोट ठोकलं. ठक, ठक, ठक.

"हे. याले बेस म्हंतेत."

पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना? माझ्या पायाखालची चकतीच सरकली! मग एकेक करून सगळं डोक्यात उतरलं. घरात लागते ती लढाई. दोघं म्हातारे मित्र वर्षातून एकदा हे शिपाई वाळूवर मांडून, फासे टाकून, फूटपट्टीनं अंतर मोजून युद्ध खेळतात. लाल पलटण गार्डसाहेबांची, निळी सुभेदारसाहेबांची. वाळूवर उभं करताना चकत्यांचे पोपडे निघत, त्यावर गार्डसाहेब हसले होते, म्हणून चकत्या तेवढ्या रंगवायच्या होत्या. तेवढ्याच!

"साहेब," मी रडकुंडीला येऊन म्हणालो, "आत्ता पुसून देतो. जुने रंग सांगा, तसेच भरून देतो."

"जुने रंग?" साहेब खुर्चीवर बसले. आवाज एकदम खाली आला. त्यांचा आवाज खालीही येतो, हे मला ठाऊक नव्हतं. "थ्या तिकडं पायाले गोळी लागली तवा चार महिने दवाखान्यात पडून होतो. तिथंच भेटली ही पेटी. बिनरंगाची होती. पडल्या पडल्या म्या रंगवली. आमच्या कंपनीतल्या एकेका मानसाचं तोंड काढलं होतं."

गार्डसाहेबांचं हसू थांबलं.

साहेबांनी पेटीत शोधून तुटक्या हाताचा शिपाई काढला अन् तळव्यावर ठेवला. "हा गंगाराम. मोर्शीचा. वापस नाई आला. याची डाव्या अंगाची मिशी चुलीत अर्धी जळाली होती, तशीच काढली होती म्या. अर्धी."

अन् मी त्याला पूर्ण मिशी दिली होती. साठ जणांना दिली तीच. काय सांगू, त्या क्षणी मला वाटलं, टरपेंटाइनची बाटली घेऊन स्वतःलाच पुसून टाकावं.   

मग साहेबांनी गंगारामला डोळ्याजवळ नेलं.

"याच्या गळ्यात काय देल्लं हे?"

"ढोल, साहेब. तुटका हात झाकला पायजे म्हून..."

"ढोल?"

"हो."

"गंगारामले ढोल येत नव्हता," साहेब म्हणाले. "लय बेक्कार वाजवे. आम्ही सारे हात जोडो, बाबू, बस कर. आयकत नव्हता कोनाचं. रिकामा डबा दिसला का लागला बडवाले."

त्यांची मिशी हलू लागली. मला वाटलं, आता रडतात. मी काकूंकडे पाहिलं. पण मिशीच्या खालून खुसखुस आवाज आला, मग खोकला, अन् मग साहेब असे हसले की गार्डसाहेबही पुन्हा सुरू झाले. डोळे मात्र दोघांचे पुसायचे राहिले.

"पुसू नको," साहेब मला म्हणाले. "आता कोनालेच पुसू नको. लाव गार्ड, लढाई लाव! पलटनीनं भेस बदलला समज."

"लावतो ना," गार्डसाहेब म्हणाले, "पन माह्ये कोनते अन् तुह्ये कोनते? तुह्ये निळे होते, माह्ये लाल. आता तं सारेच गुलाबी!"

खरंच की! दोन्ही सैन्यांची एकच वरात करून ठेवली होती मी. दोघं म्हातारे एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी काकूंनी नवरदेवाला उचललं, वाकडं करून पाहिलं अन् म्हणाल्या, "खाली निळा दिसून राहिला न हो."

चकती! जिला मी हात लावला नव्हता ती! एकेकाला पाहून निळे इकडे, लाल तिकडे झाले. जे रंगवायला सांगितलं होतं, तेच नेमकं मी सोडलं होतं, म्हणून लढाई वाचली. गार्डसाहेब म्हणाले, "पोरानं जे काम नाई केलं, तेवढंच कामाचं झालं."

मला वाटलं, सुटलो. कसला सुटतो! साहेबांनी फासे माझ्या हातात कोंबले. "पलटन तू बिघडवली, आता लढ बी तूच."

मी कधी पत्ते धड खेळलो नव्हतो, अन् इथे युद्ध! पण करणार काय? लावली फौज. मला जशी ठाऊक होती तशीच लावली. पुढे ढोल, मागे सनई, बाजूनं गुलाबपाणी, अन् सगळ्यांच्या मध्ये घोड्यावर नवरदेव.

"अरे, मेजरले मागं ठेव!" साहेब ओरडले.

"मागं कसा साहेब? नवरदेव होय ना तो!"

मी त्याला वाजतगाजत पुलावर आणला. पलीकडे गार्डसाहेबांची झेंडूच्या माळांची तोफ. त्यांनी फासा टाकला. सहा! पहिल्या झटक्यात सनईवाले गेले. पुन्हा फासा. पुन्हा सहा! साहेबांनी निमूटपणे नवरदेवाला उचललं अन् घोड्यासकट वाळूवर आडवं केलं. अर्ध्या तासात आमची वरात संपली. एकटा गंगाराम तेवढा शेवटपर्यंत उभा होता, कारण त्याला हलवायचं माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

मग काकूंनी वाढलं. रोडगे, वरण, वांग्याची भाजी! विस्तवात भाजून तुपात बुडवलेले, मुठीएवढे कणकेचे रोडगे. पराभूत माणसाला भूक फार लागते हो. खण काकूंनी ठेवून घेतला. म्हणाल्या, "चाळीस वर्सानं का होईना, कोनी नवरी तं म्हनलं!" जेवणानंतर ओसरीवर बसून मी साठच्या साठ चकत्या रंगवल्या, लाल अन् निळ्या, अन् साहेब शेजारी काठी घेऊन बसले होते. दर चकतीला विचारत होते, "हे काय होय?" अन् मी म्हणत होतो, "चकती, साहेब."

रात्री तिथेच मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी दुपारी भातकुलीला पोचलो. अंग आंबलेलं, डोक्यात अजून तोफा. दारात आई, अन् तिच्याभोवती शेजारच्या चार-पाच बाया निवडण-टिपण करत बसलेल्या. लग्नाची हकिकत ऐकायला जमल्या होत्या.

"आला काय रे? कसं झालं लगीन?"

"कायचं लगीन आई," मी ओट्यावर अंग टाकलं. "नवरदेवच गेला."

"गेला? कोठी गेला?"

"ठार झाला. तोफ लागली. घोड्यावरून खाली."

सगळ्यांच्या हातातली सुपं थांबली.

"व माय व! अन् वऱ्हाडी?"

"एकच राह्यला. सनईवाले तं पयलेच गेले."

"अन् तू काय करून रायला होता रे तवा?"

"म्याच तं नवरदेवाले पुढं ढकललं. मले काय मालूम, तोफ तिकडूनच येईल म्हून!"

आई मटकन खाली बसली. एका बाईनं तोंडात पदर कोंबला. दुसरी उठून आपल्या नवऱ्याला बोलवायला पळाली. अन् मी, झोपेनं इतका पेंगुळलेलो, की आपण काय बोललो हे मला अजून कळलंच नव्हतं.

आईची नजर माझ्या पांढऱ्या शर्टावर गेली. छातीवर भलामोठा पिवळा डाग.

"हे काय सांडलं आंगावर?"

"वरन."

"वरन?"

"जेवन होतं ना. रोडगे केले होते."

"मानसं पटापटा मरून पडले," आईचा आवाज चिरला, "अन् तू थ्या घरी रोडगे खात बसला?"

मी आईशी आजवर कधी खोटं बोललेलो नाही.

"सहा खाल्ले," मी म्हणालो.